बोलण्याने गुण येतो काय? : मानसोपचाराच्या परिणामकारकतेची पारख

शरीराच्या दुखण्यावर दिलेल्या औषधाला गुण आला की नाही, हे सांगणे सामान्यतः अवघड नसते. ताप उतरला, जखम भरली, खोकला थांबला, की गुण आला असे आपण म्हणतो. मनाच्या दुखण्याचे तसे नाही. तेथे औषधाऐवजी, किंवा औषधाच्या जोडीला, जेव्हा संभाषण, समुपदेशन आणि सराव यांचा उपचार केला जातो, तेव्हा सुज्ञ माणसाच्या मनातही शंका उभी राहते. नुसत्या बोलण्याने दुखणे बरे होते काय? होत असेल, तर किती जणांचे आणि किती काळ? आणि ते बोलण्यानेच झाले, हे कशावरून ठरवावयाचे?

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत हे प्रश्न आता केवळ पुस्तकी राहिलेले नाहीत. माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांनी अवर्षणाची झळ पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. कृष्णा व वारणा काठच्या गावांनी २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये महापुराचा तडाखा अनुभवला. त्याच जुलैत पाटण तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर दरडी कोसळल्या. पीक गेले, घर गेले, कर्ज राहिले, या दुःखाचा काही भाग मनात साचून राहतो आणि आजाराचे रूप घेतो. दारूचे व्यसन हा तर गावोगावचा जुना प्रश्न आहे. सातारा येथे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या परिवर्तन संस्थेचे व्यसनमुक्तीचे कार्य या भागातील वाचकांना परिचित आहेच.

अशा वेळी ग्रामपंचायतीपुढे व्यसनमुक्ती शिबिराचा प्रस्ताव येतो, शाळेकडे समुपदेशनाचा कार्यक्रम येतो, अधिकाऱ्यांच्या टेबलावर एखाद्या संस्थेचा यशाचा अहवाल येतो. त्यावर निर्णय घेणारे बहुधा मानसशास्त्रज्ञ नसतात. निर्णय चुकला तर केवळ निधी वाया जातो असे नव्हे. निरुपयोगी उपचारात सहा महिने गेलेला माणूस पुन्हा मदतीसाठी दार ठोठावीलच, याची शाश्वती नसते. कित्येकदा त्या सहा महिन्यांतच कुटुंबावर न भरून येणारा आघात होतो. यास्तव मानसोपचाराची पारख कशी करतात, हे जाणून घेणे प्रत्येक जबाबदार कार्यकर्त्यास उपयुक्त ठरेल.

मानसोपचार म्हणजे काय?

मानसोपचार हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी वापरला जातो. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर औषधे देऊन जो उपचार करतात, त्यालाही मानसोपचार म्हणतात. प्रस्तुत लेखात मात्र प्रशिक्षित व्यक्तीने ठरावीक पद्धतीने, ठरावीक बैठकांत, संवाद व सराव यांच्या साहाय्याने केलेला उपचार, एवढाच अर्थ अभिप्रेत आहे.

हा उपचार म्हणजे उपदेश नव्हे आणि सांत्वनही नव्हे. ‘मन घट्ट कर’, ‘देवाचे नाव घे’, ‘इतरांकडे पाहा’ असे सांगणे हे आप्तांचे काम झाले. मानसोपचारात रुग्णाच्या विचारांची, वर्तनाची किंवा नातेसंबंधांची नेमकी कोणती गाठ त्याला जखडून ठेवते, हे त्याच्याच सहभागाने शोधले जाते आणि ती सोडविण्याचा अभ्यास करून घेतला जातो. सिग्मंड फ्रॉइडपासून या क्षेत्रात अनेक पंथ निर्माण झाले. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती आयुष्यभर जोपासली आणि मराठीतून समजावून सांगितली. आरन बेक यांनी नैराश्यावरील विचार व वर्तनावर आधारलेली पद्धती विकसित केली. वर्तनाला चालना देण्याची आणखी एक साधी पद्धत आहे. खिन्न माणूस एकेक काम सोडत जातो, कामे सुटल्याने आनंदाचे प्रसंग कमी होतात आणि त्यामुळे खिन्नता आणखी वाढते. हे चक्र कामाच्या बाजूने तोडावयाचे, असे तिचे सूत्र आहे.

डोळ्यांना दिसलेले पुरेसे का नाही?

‘आमच्याकडे आलेले बहुतेक लोक बरे झाले’ हे विधान प्रामाणिक असू शकते आणि तरीही दिशाभूल करणारे ठरू शकते. त्याची चार कारणे आहेत.

पहिले कारण असे की, मनाची अनेक दुखणी काळाच्या ओघात आपोआप उणावतात. ज्याला कोणताही उपचार मिळाला नाही, असाही माणूस काही महिन्यांनी सावरलेला दिसतो. दुसरे कारण असे की, त्रास सर्वांत तीव्र होतो तेव्हाच माणूस मदतीसाठी घराबाहेर पडतो. चढलेला पूर जसा ओसरतोच, तसा तीव्रतेच्या शिखरावरचा त्रास पुढे बहुधा थोडा कमी होतोच. त्या सुमारास जो कोणी भेटला, मग तो डॉक्टर असो, समुपदेशक असो वा देवऋषी असो, त्याच्या पदरात श्रेय पडते. अंगाऱ्याने बरे वाटल्याची कथा आणि समुपदेशनाने बरे वाटल्याची कथा या पुराव्याच्या दृष्टीने एकाच मापाच्या आहेत.

तिसरे कारण आशेचे आहे. कोणीतरी आपल्याकडे लक्ष देत आहे, या भावनेनेच काही काळ उभारी येते. चौथे कारण मोजणीचे आहे. समजा, एका व्यसनमुक्ती शिबिराला शंभर जण आले. सहा महिन्यांनी त्यांपैकी चाळीसच मेळाव्यास परतले आणि त्यांतील बत्तीस जणांनी दारू सोडल्याचे सांगितले. अहवालात ‘ऐंशी टक्के यश’ असे लिहिले जाईल. परंतु शंभरांचा हिशेब धरला, तर खात्रीची संख्या बत्तीसच आहे. जे साठ आले नाहीत, ते का आले नाहीत, हा खरा प्रश्न आहे. शिवाय ज्याने दारू सोडली नाही, त्याला मेळाव्यास येण्याचा संकोच अधिक, हे कोणीही ओळखील. जे आले, तेही यजमानांना बरे वाटावे असे उत्तर देण्याचा संभव असतोच.

शेतातील तुलना, दवाखान्यातील तुलना

या अडचणीतून मार्ग कोणता? तो आपल्या शेतकऱ्यांना परका नाही. फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रज येथे हळदीवर संशोधन होते. नवे खत किंवा नवे वाण चांगले की नाही, हे ठरविताना तेथे केवळ नवा वाफा पाहून निर्णय होत नाही. शेजारी जुन्या पद्धतीचा वाफाही राखला जातो. कारण पाऊस चांगला झाला, तर दोन्ही वाफे तरारतील आणि दोहोंतील फरक तेवढाच खताच्या किंवा वाणाच्या खात्यावर जमा करावयाचा असतो. शिवाय काळ्या कसदार जमिनीत नवे वाण आणि मुरमाड जमिनीत जुने, असा पक्षपात होऊ नये म्हणून कोणता वाफा कोणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागते.

चिठ्ठ्या टाकण्याची ही शास्त्रीय रीत इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात घडविली. वैद्यकात तिचा गाजलेला वापर क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाच्या चाचणीत झाला व त्याचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे मानसोपचारालाही तीच कसोटी लावण्यात आली. संमती दिलेल्या रुग्णांचे चिठ्ठीने दोन गट करावयाचे. एका गटाला नवा उपचार द्यावयाचा आणि दुसऱ्याला नेहमीची सेवा. काही महिन्यांनी दोन्ही गटांची तपासणी अशा व्यक्तीने करावयाची की, जिला कोण कोणत्या गटात आहे याची कल्पना नाही. मध्येच सोडून गेलेल्यांनाही मूळ गटातच मोजावयाचे. या चार अटी पाळल्या, म्हणजे वर सांगितलेली चारही कारणे बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात.

एका वादाचे फलित

मानसोपचाराच्या परिणामकारकतेचा वाद पेटविला तो हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने. १९५२ मध्ये त्याने २४ अभ्यासांचा आढावा घेऊन असे प्रतिपादन केले की, सौम्य मनोविकारांचे सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण मानसोपचाराशिवायही दोन वर्षांत सुधारतात. मग मानसोपचाराचे वेगळे कर्तृत्व ते काय? त्याने तुलनेसाठी घेतलेले गट सारखे नव्हते, असा आक्षेप पुढे घेण्यात आला व तो योग्यही होता. परंतु त्या टीकेमुळेच या क्षेत्राला काटेकोर प्रयोगांची शिस्त लागली.

१९७७ मध्ये मेरी ली स्मिथ व जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यासांचे निष्कर्ष गणिती रीतीने एकत्र केले. उपचार घेतलेला सरासरी रुग्ण हा उपचार न घेतलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत असतो, असे त्यांना आढळले. मानसोपचाराला गुण येतो, या विधानाला तेव्हा प्रथमच भक्कम संख्यात्मक आधार मिळाला.

तथापि वाद येथे संपला नाही. ज्या प्रयोगांत यश मिळते, ते छापून येतात आणि अपयश कपाटात राहते, ही मानवी रीत संशोधनातही आढळते. अमेरिकेत सरकारी अर्थसाहाय्याने झालेल्या, नैराश्यावरील मानसोपचाराच्या ५५ चाचण्यांचा शोध घेणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १३ चाचण्यांचे निष्कर्ष कधी प्रसिद्धच झाले नव्हते. ते मिळवून हिशेबात धरले, तेव्हा उपचाराचा परिणाम सुमारे एक-चतुर्थांशाने कमी भरला. परिणाम नाहीसा झाला नाही, मात्र तो वाटत होता त्यापेक्षा लहान निघाला. तुलनेचा गट केवळ प्रतीक्षायादीवर ठेवलेला असेल, तर उपचार अधिक चांगला भासतो, असेही दिसून आले आहे.

गोव्यातील तीन पायऱ्या

परदेशातील निष्कर्ष आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लागू पडतील काय, ही शंका रास्त आहे. सुदैवाने तिचे उत्तर फार दूर शोधावे लागत नाही. कोकणी व मराठी बोलणाऱ्या गोव्यात, तेथील संगत ही संस्था आणि डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनी गेल्या काही दशकांत केलेले प्रयोग जगभर अभ्यासले जातात. त्यांतील तीन टप्पे येथे पाहण्यासारखे आहेत.

पहिला टप्पा अपयशाचा होता. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बाह्यरुग्ण विभागात आलेल्या, नैराश्य व चिंता यांनी त्रस्त अशा ४५० प्रौढांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला नैराश्यावरील औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषधी गुण नसलेली गोळी आणि तिसऱ्याला मानसोपचार देण्यात आला. दोन महिन्यांनंतर औषध हे गुणहीन गोळीपेक्षा सरस ठरले. मानसोपचार मात्र त्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. संशोधकांनी हे अपयश लपविले नाही, तर जसेच्या तसे प्रसिद्ध केले.

दुसरा टप्पा २०१० चा. १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने अशा २४ ठिकाणी २,७९६ रुग्णांवर हा प्रयोग झाला. येथे प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक, केंद्राचे डॉक्टर आणि भेटीस येणारे मनोविकारतज्ज्ञ यांनी मिळून सेवा दिली. निश्चित निदान झालेल्या रुग्णांपैकी सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के बरे झाले, तर तुलनेच्या केंद्रांत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांत काहीच फरक दिसला नाही. तेथे नव्या सेवेत ६४.१ टक्के आणि नेहमीच्या सेवेत ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. खासगी दवाखान्यांचा आकडा एकटाच पाहिला असता, तर ‘६४ टक्के यश’ म्हणून त्याचा गौरव झाला असता. शेजारचा वाफा पाहिल्यावरच कळले की, तेथे नव्या सेवेने वेगळी भर घातली नव्हती. तुलनेचे मोल याहून स्पष्टपणे सांगणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

तिसऱ्या टप्प्यातील दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मानसशास्त्राचे व्यावसायिक शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमण्यात आले. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांची निवड झाली. निम्म्यांना नेहमीची, परंतु थोडी सुधारलेली सेवा मिळाली आणि उरलेल्यांना त्या सेवेच्या जोडीला सहा ते आठ बैठकांचा, वर्तनाला चालना देणारा उपचार मिळाला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के, तर दुसऱ्या गटात ३९ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. लक्षणांच्या मोजणीत दोन गटांत सुमारे साडेसात गुणांचे अंतर होते. बारा महिन्यांनी ते साडेचार गुणांच्या आसपास आले, तरी समुपदेशनाच्या गटाची सुधारणा टिकून होती.

हे आकडे नीट वाचावयास हवेत. शंभर रुग्णांना समुपदेशन दिले, तर त्यांपैकी सुमारे ३९ जण तसेही सुधारले असते. आणखी २५ जण समुपदेशनामुळे सुधारले. उरलेल्या ३६ जणांना त्या मुदतीत पुरेसा गुण आला नाही. म्हणजे साधारणतः चार जणांवर उपचार केले, की एकाला त्याचा वेगळा लाभ होतो. हा चमत्कार नव्हे, पण उपेक्षा करण्यासारखी गोष्टही नव्हे. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात अशा पंचवीस माणसांचे सावरणे म्हणजे पंचवीस घरांचे सावरणे होय.

दुसरी चाचणी घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या, परंतु पूर्णतः व्यसनाधीन न झालेल्या ३७७ पुरुषांवर झाली. जास्तीत जास्त चार बैठकांनंतर, तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटात ३६ टक्के व दुसऱ्या गटात २६ टक्के पुरुषांचे मद्यपान घातक पातळीच्या खाली आले होते. मागील चौदा दिवसांत अजिबात न पिणारे अनुक्रमे ४२ व १८ टक्के होते. परंतु जे पीत राहिले, त्यांच्या पिण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. पत्नीला होणाऱ्या मारहाणीतही फरक दिसला नाही. ही शेवटची नोंद विशेष महत्त्वाची आहे. दारूवरील समुपदेशनाचा कार्यक्रम घेतला, म्हणजे घरातील हिंसेचा प्रश्न आपोआप सुटेल, असे गृहीत धरता येणार नाही. त्यासाठी स्वतंत्र उपाय हवेत.

सद्हेतूने अपायही होऊ शकतो

ज्या उपचारात औषध नाही, त्यात अपाय तरी काय होणार, असा समज प्रचलित आहे. तो बरोबर नाही. आपत्तीनंतर लगेच पीडितांना एकत्र बसवून घडलेला प्रसंग एकाच बैठकीत तपशीलवार सांगावयास लावावा, म्हणजे मन मोकळे होते, असे एके काळी मानले जात असे. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर या पद्धतीची चाचणी झाली व तिचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेरा महिन्यांनी अशी बैठक झालेल्यांपैकी २६ टक्के, तर न झालेल्यांपैकी ९ टक्के रुग्णांना आघातजन्य मनोविकार असल्याचे आढळले. बैठकीच्या गटातील रुग्ण मुळात अधिक गंभीर भाजलेले होते, त्यामुळे या एकाच अभ्यासावर विसंबता येणार नाही. तथापि अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या, तरी या पद्धतीचा लाभ दिसून आला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही तिचा वापर करू नये, असे सुचविले आहे.

कृष्णाकाठी महापूर येतो, तेव्हा बाहेरून अनेक मदतगट येतात व त्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु निवारा छावणीतील मुलाला पहिल्याच दिवशी वर्गासमोर उभे करून पुराची हकीकत सांगावयास लावणे हा उपचार नव्हे. त्या काळात सुरक्षितता, अन्न, कपडे, आप्तांची भेट आणि खरी माहिती यांची व्यवस्था करणे, जो बोलू इच्छितो त्याचे शांतपणे ऐकणे आणि ज्याचा त्रास आठवड्यांनंतरही ओसरत नाही त्याला तज्ज्ञाकडे पोहोचविणे, हाच योग्य क्रम होय. शिक्षकांनी ही बाब विशेषत्वाने ध्यानात ठेवावी.

कोठे गुण येतो, कोठे येत नाही

उपलब्ध अभ्यासांवरून काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. नैराश्य, चिंता, अकारण भीती, आघातानंतरचा त्रास आणि मंत्रचळ यांवर योग्य पद्धतीच्या मानसोपचाराचा लाभ होतो. भीती व मंत्रचळ यांत, ज्या गोष्टीचे भय वाटते तिला क्रमाक्रमाने सामोरे जाण्याचा सराव विशेष गुणकारी ठरला आहे. नैराश्यात मात्र निरनिराळ्या पंथांच्या उपचारांत फारसे अंतर आढळत नाही. हे बहुधा सर्व पंथांतील समान घटकांमुळे घडत असावे, असा विचार सॉल रोझेनझ्वाइग यांनी १९३६ मध्येच मांडला होता. उपचारक व रुग्ण यांच्यातील विश्वासाचे नाते हा त्यांतील प्रमुख घटक मानला जातो.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद व नैराश्य यांच्या आलटून पालटून येणाऱ्या झटक्यांचा आजार, यांत औषधोपचार हाच पाया असतो. मानसोपचार व कुटुंबाचे मार्गदर्शन ही त्यास जोड होय. समुपदेशन सुरू झाले म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे. दीर्घकाळ, मोठ्या प्रमाणात दारू पिणाऱ्याने ती एकाएकी थांबविल्यास झटके येऊन जिवावर बेतू शकते. म्हणून अशा माणसाची दारू वैद्यकीय देखरेखीखालीच थांबवावयास हवी. आत्महत्येचा विचार बोलून दाखविणाऱ्यास गावच्या शिबिराची वाट पाहावयास लावू नये.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील १२ राज्यांचा समावेश होता. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या राज्यांतील प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून होते. मिरज व कऱ्हाड येथे वैद्यकीय महाविद्यालये असली, तरी जत किंवा म्हसवडच्या रुग्णाला आठ वेळा तेथवर जाणे म्हणजे आठ दिवसांची मजुरी आणि आठ वेळचे भाडे. गोव्यातील प्रयोगाचे महत्त्व येथेच आहे. नीट प्रशिक्षण व देखरेख असेल, तर तज्ज्ञ नसलेली स्थानिक व्यक्तीही गावाजवळ हा उपचार देऊ शकते. मात्र ‘प्रशिक्षण व देखरेख’ हे शब्द गाळले, तर त्या प्रयोगाचा दाखला देण्याचा अधिकार आपणास उरत नाही. तेथे समुपदेशकांच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण ऐकून कामाची नियमित पारख होत असे. दोन दिवसांची कार्यशाळा व प्रमाणपत्र म्हणजे तो प्रयोग नव्हे.

विचारावयाचे पाच प्रश्न

मानसिक आरोग्याचा कोणताही कार्यक्रम पुढे आला, तर पंचायत सदस्य, मुख्याध्यापक व अधिकारी यांनी पुढील प्रश्न अवश्य विचारावेत.

१. हा उपचार नेमक्या कोणत्या त्रासासाठी आहे आणि त्याची पद्धत लिखित स्वरूपात आहे काय? जो उपचार सर्वच दुखण्यांवर चालतो असे सांगितले जाते, त्याबद्दल सावध राहावे.

२. त्याची तुलना कशाशी केली आहे? केवळ आधीची व नंतरची स्थिती सांगितली असेल, तर तो पुरावा अपुरा समजावा.

३. सुरुवातीस किती जण होते आणि शेवटी किती जणांची तपासणी झाली? टक्केवारी पहिल्या आकड्यावर काढलेली असावी.

४. मोजणी कोणी केली आणि किती काळानंतर? उपचार देणाऱ्यानेच शिबिराच्या समारोपाच्या दिवशी घेतलेले अभिप्राय म्हणजे मोजमाप नव्हे. किमान सहा महिन्यांचा पाठपुरावा असावा.

५. ज्याला गुण येणार नाही किंवा ज्याची प्रकृती बिघडेल, त्याला कोठे पाठविणार? या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे रुग्णालयाचे नाव, वार व वाहनाची सोय, कार्यक्रमापूर्वीच ठरलेले असावे.

प्रत्येक गावाने गोव्यासारखी चाचणी करावी, अशी अपेक्षा अर्थातच नाही. ते काम वैद्यकीय महाविद्यालये व विद्यापीठे यांचे आहे. परंतु आलेल्या प्रत्येकाची नोंद, प्रारंभीची मोजणी, तीन व सहा महिन्यांनी गृहभेट आणि न परतलेल्यांचा शोध, एवढे तर आरोग्य केंद्र व आशा स्वयंसेविका यांच्या सहकार्याने कोणत्याही गावास करता येईल. यात रुग्णांची नावे गुप्त राखणे, हे पहिले पथ्य होय. ग्रामसभेत कोणाच्या व्यसनाची वा आजाराची चर्चा होता कामा नये.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला व २९ मे २०१८ पासून अंमलात आला. शासनाच्या सेवांतून मानसिक उपचार मिळणे हा त्या कायद्याने प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरला आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या, चावडीच्या व दूध संस्थेच्या फलकावर लिहिला जाणे अगत्याचे आहे.

बोलण्याने गुण येतो काय, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, होय, येतो. परंतु सर्वांना नाही, सर्व दुखण्यांवर नाही आणि कोणत्याही बोलण्याने तर नाहीच. ज्या संशोधकांनी २००३ मध्ये ‘आमच्या उपचाराला गुण आला नाही’ असे जाहीरपणे लिहिले, त्यांच्याच हातून २०१७ मध्ये गुण येणारा उपचार घडला. अपयशाची नोंद ठेवण्याची ही शिस्त पाडेगावच्या उसाला लाभली, तशी आपल्या गावातील दुःखी माणसालाही लाभावयास हवी. कार्यक्रमाच्या अहवालात यशाच्या आकड्याशेजारी ‘गुण न आलेले’ असा एक रकाना आखला, तरी त्या शिस्तीचा प्रारंभ होईल. त्या रकान्यात ज्यांची नोंद होईल, त्यांच्याच दारी कार्यकर्त्यांनी पुन्हा जावयाचे आहे.